भरल्या पाइपाचा आवाज

आबा,

या दिवाळीत तुमच्या पत्र्याच्या शेडात तुमची पणती, माझी नात, वेल्डिंग करत होती अन् मी दारात बसून जळत होते. हे आधीच लिहून टाकलं, म्हणजे पुढं लाजून फिरवाफिरवी करायला नको. जळते म्हणजे तिचं वाईट चिंतीत नाही हो. तिच्या पायात काटा मोडला तर सल माझ्या पायात उठते. पण तोंडावर तो काळा मुखवटा ओढून ती खाली वाकली, अन् हातातल्या नळीच्या टोकाला निळा उजेड उठला, की चुलीत ओलं लाकूड सारल्यावर धुमसतं तसं माझ्या पोटात धुमसायला लागायचं. सत्तरी उलटली माझी. या वयात बाईला देव आठवावा, मला तुमचा झाळायचा गॅसचा टॉर्च आठवतो.

लिहायला वेळ लागतो मला. चौथीपर्यंतची शाळा, त्यातही अर्धे दिवस तुमच्या दुकानात गेले. चौथीच्या बाई म्हणायच्या, बोलताना हाय म्हणा, लिहिताना आहे लिहा. तेवढं एक ध्यानात राहिलं, बाकी शाळा वाऱ्यावर गेली. चुकलं तर चुकलं, तुम्ही कुठं लाल शाई घेऊन बसलात.

शेड तुम्हाला ओळखू यायचं नाही. रस्ता रुंद झाला तवा दारातला लिंब गेला. ज्याच्या हातात तुम्ही धंदा दिला तो माझा धाकटा भाऊ तुमच्या मागं वर्षभरात बीडच्या कचेरीत चिकटला. जन्मभर पंख्याखाली बसला, आता लेकाकडं बसून पेन्शन खातो अन् गुडघे दुखतात म्हणतो. शेडाला कुलूप. आमच्या घरातले, तुमचे जावई, गेले, मी सासरहून, लिंबागणेशाहून, लेकाला घेऊन परत चौसाळ्याला आले, तवा ते कुलूप मी दगडानं तोडलं. लेकानं रस्त्याला पिठाची गिरणी टाकली. शेडात आम्ही कडबा ठेवायचो अन् दोन शेळ्या बांधायचो. तुमची ऐरण शेळीच्या दाव्याला होती आबा. रागवू नका. बाकी काहीही ती ओढून न्यायची.

दिवाळीत त्या शेडातून शेळ्या बाहेर अन् गाडी आत. कसली गाडी म्हणाल, तर रंग हळदीचा, उंची माझ्या कमरेएवढी, अन् बसायला जागा दोन. दोनच! नवराबायको बसले तर लेकरू कुठं ठेवायचं, हे बनवणाऱ्याला सुचलं नाही. पुण्याहून ट्रकवर चढवून आणली. उतरवली तवा अर्धं गाव जमलं. शेजारीण म्हणते, "मावशे, हिच्यात बसायचं हाय का निजायचं?" दळण घेऊन आलेला एक म्हातारा माझ्या लेकाला म्हणतो, "बे, हिला ब्रेकरवरून नेऊ नको. पोट टेकलं तर म्हशीवानी रस्त्यात बसंल." पोरगी हसत होती. मीही हसले. हसता हसता गाडीच्या मागं वाकून बघितलं, तर सायलेन्सर पार सडलेला, त्याची चाळणी झालेली. माझं हसू तिथंच थांबलं. म्हटलं, हे तर आपलं काम आहे. आपलं म्हणाले बघा मनात. माझं कुठलं?

पोरगी पुण्याला एका गॅरेजात आहे. साधं गॅरेज नाही, असल्याच शर्यतीच्या गाड्या येतात तिथं. बीडला वेल्डिंग शिकली, वर्गात एकटी पोरगी. पण तिथं गेल्यापासून तीन वर्षं नुसते नट खोल अन् नट बसव. वेल्डिंगच्या टेबलावर तिच्या मागून आलेले बसले, ही उभीच. लई भांडली तवा मालक म्हणाला, "ही माझी स्वतःची गाडी. दिवाळीला घरी घेऊन जा. इंजिनापासून शेपटापर्यंत सगळा सायलेन्सर तू एकटीनं बनव. आवाज गोड पाहिजे, पोलिसानं अडवता कामा नये, अन् गाडीखाली कुठं ठोका लागता कामा नये. जमलं तर टेबल तुझं. नाही जमलं तर परत टेबलाचं नाव काढायचं नाही." असं ठरवून ती आलती. पंधरा दिवस हातात. ती त्याला एक्झॉस्ट म्हणते, मी सायलेन्सर म्हणते, तुम्ही धुराडं म्हणायचात. वस्तू तीच. इंजिनाचा श्वास बाहेर कसा सोडायचा ते काम.

अन् काय थाट आबा! तुमचं कारबेटच्या खड्यांचा गॅस करायचं टाकं नाही, वास नाही, काजळी नाही. एक लहान पेटी, एक आर्गन गॅसचं उभं नळकांडं. मुखवट्याची काच उजेड पडला की आपोआप काळी होते. एका हातात टॉर्च, दुसऱ्या हातात सुईसारखी तार, कपड्याला टीप मारावी तसे टाके एकाला एक लागून. गार झाल्यावर त्या टाक्यांवर रंग चढतात, आधी पिवळसर, मग जांभळा, मग मोरपंखी. मी हात लावून बघितलं तर म्हणते, "आज्जी, बोटं लावू नको, तेलकट डाग पडतो." माझ्या बोटांचा डाग! मधूनच आतून ओरडते, "पप्पा, लाइटीचा भार कमी झाला, गिरणी बंद करा!" अन् माझा लेक गिऱ्हाइकाला ताटकळत ठेवून गिरणी बंद करतो. ज्यानं बायकोला कधी पाण्याचा तांब्या दिला नाही तो पोरीला बशीत घालून चहा नेतो अन् उभा राहतो, प्याली का नाही बघत. सून माझ्याकडं बघते, मी सुनेकडं. तीही जळत असंल, पण ती शिकलेली आहे, दाखवत नाही.

पहिल्याच दिवशी तिनं काय केलं सांगू? गाडीखाली पोत्यावर आडवी झाली, अन् एक जाड तार घेऊन, जिथून पाइप जायचा तिथून ती वाकवत वाकवत नेली. मग तार बाहेर काढून जमिनीवर ठेवली अन् तिच्याकडं बघत बसली. मी दारात तूर निवडत होते. हातातलं सूप खाली ठेवलं. ही तुमची रीत आबा. जीप आली, ट्रक आला, तुम्ही आधी तार वाकवायचात. हिला कुणी दाखवली? मी तर नाही. तुम्हाला तिनं बघितलेलंसुद्धा नाही. मग कळलं, रीत कुणाच्या बापाची नसते, कामच ती सुचवतं. पण तेवढ्यानं माझं समाधान झालं नाही. मला वाटलं, माझ्या घरातलं माझ्या डोळ्यांदेखत कुणीतरी उचलून नेलं.

मला आठवतं ते असं. मी दहा-अकराची आहे. कारबेटचे खडे फोडणं माझं काम. हाताला लसणासारखा वास, शाळेत पोरी नाक धरतात. टाक्यातला गॅस संपला की तळाला पांढरा चुना उरतो, तो मी घमेल्यात भरून आणते अन् माय त्यानं भिंती सारवते. आख्ख्या गल्लीत आपलं घर पांढरंफेक. दुसरं काम वाळूचं. नदीची वाळू आणायची, चाळायची, अन् मायनं भाकरी उरकल्या की त्याच तव्यावर ती भाजायची. तुम्ही म्हणायचात, वाळूत थेंबभर पाणी राहिलं तर पाइपाचं तोंड बंदुकीसारखं उडंल. मग पाइप उभा धरायचा, खालून लाकडाची गुटी, म्हणजे बूच, ठोकायची, वरून वाळू ओतायची, अन् मी लहान हातोडीनं चहूबाजूंनी टकटक करत राहायचं. वाळू बसत जाते, आवाज बदलत जातो. पाइप भरला का नाही ते तुम्ही मला विचारायचात. मला! धाकट्याला नाही. त्याला काही ऐकूच यायचं नाही. मी "भरला" म्हणाले की वरून दुसरी गुटी, तिला वाफ निघायला सुईएवढं भोक, अन् मग भट्टीत. टोमॅटोच्या रंगावर थांबायचं नाही, संत्र्याचा रंग आला की उचलायचा अन् ट्रकच्या रिमला लावून सावकाश वाकवायचा. आतल्या वाळूमुळं पाइप चेपत नाही, गोल तसाच राहतो. मायच्या हातावर बांगडी कशी असते तसा.

कान माझा चालायचा तुम्हाला. हात चालत नव्हता.

ती दुपार तर तुम्ही विसरला असाल, मी नाही. तुम्ही बीडला गेलेले. मायच्या उलथण्याचा दांडा मोडला होता अन् ती फडक्यानं धरून भाकरी उलटत होती, चटके खात होती. मी शेडात गेले, टाकं सुरू केलं, टॉर्च पेटवला. भीती वाटली नाही. रोज बघत होते. पितळेची कांडी वितळवून दांडा झाळला. वेडावाकडा झाला, गाठीगाठीचा, पण बसला. ओढून बघितला, सुटला नाही. मी तो हातात घेऊन उभी, अन् तुम्ही दारात. तुम्ही मारलं नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं. तुम्ही टॉर्चची चावी बंद केली, उलथणं माझ्या हातातून घेतलं, उलटंपालटं करून बघितलं, अन् म्हणालात, "पोरीच्या जातीला चुलीतली आग बास हाय." दुसऱ्या दिवशी बीडहून आणलेला हिरव्या काचांचा चष्मा तुम्ही धाकट्याच्या डोळ्याला बांधला. तो नऊ वर्षांचा. त्याच्या नाकावरून चष्मा घसरत होता. माझ्या नाकावर बसला असता आबा.

अन् माझ्या लग्नात भांडी मांडली तवा पितळेच्या हंड्याशेजारी तेच उलथणं. माझंच, गाठी असलेलं. बायांनी विचारलं, हे कावून? तुम्ही म्हणालात, "असू द्या, तिचं हाय." मी मान खाली घातली. मला वाटलं, चारचौघांत टोमणा मारला. घे तुझी आग, जा चुलीपाशी. पन्नासावर वर्षं झाली, रोज त्याच उलथण्यानं भाकरी उलटते अन् रोज तो टोमणा ऐकते.

हे सगळं एवढं उगाळून कावून सांगते, तर पुढचं कळावं म्हणून. नवव्या दिवशी पोरीचं काम अडलं. पुढचा पाइप झाला, मधला झाला, मागचं नळकांडं झालं. राहिला तो मागच्या चाकांच्या दांड्यावरून जाणारा तुकडा. वर चढायचा, बाजूला सरकायचा, खाली उतरायचा, अन् जागा बोटभर. तयार वाकवलेले तुकडे मिळतात म्हणे, पण ते ठरल्या मापाचे. जोडून जोडून बघितले तर सांधा गाडीच्या पोटाला लागतो. मालकानं सांगितलेलं, ठोका लागता कामा नये. तिच्याकडं स्टीलचा सरळ पाइप होता, दोन इंची, त्याचे दोन तुकडे. म्हणाली, वाकवते. गावातल्या नळवाल्याकडून पाइप वाकवायचं मशीन आणलं. त्यात पाण्याचे जाड लोखंडी पाइप वाकतात. हा पातळ, पत्र्यासारखा.

मी दारातच होते. मेथी निवडत होते. मला ठाऊक होतं. पातळ नळी रिकामी वाकवली की चेपते, हे मला अकराव्या वर्षापासून ठाऊक आहे. तोंड उघडायचं अन् "वाळू भर" म्हणायचं, दोन शब्द. मी मेथीची काडी मोडली, दुसरी घेतली, ती मोडली. पोरीनं दांडा दाबला. एकदा, दोनदा. मी बोलले नाही. का नाही बोलले विचाराल तर खरं सांगते, मला एकदा तिचं तोंड पडलेलं बघायचं होतं. सगळं येतं हिला, सगळे हिच्या मागं पळतात, एकदा हिलाही कळू दे. तिसऱ्या दाबाला पाइप बसला. चेपला, पोटात लाथ मारल्यासारखा. आवाजसुद्धा मोठा झाला नाही.

पोरगी मशीनपाशी खाली बसली, चेपलेल्या जागेवर अंगठा फिरवत राहिली. मला वाटलं होतं गोड लागंल. लागलं पण, खोटं कशाला बोलू. घटकाभर लागलं. मग ती फोनवर कुणा मैत्रिणीशी बोलताना ऐकलं. म्हणत होती, "एकच तुकडा राहिलाय गं. हा पाइप बीडमध्ये मिळत न्हाई. सर बरोबर म्हणत होते, टेबल माझं काम न्हाई. मला कोण दाखवणार हाय? आमच्या घरात यातलं कुणाला काय कळतं?"

कुणाला काय कळतं! आबा, दया यायच्या जागी मला असा राग आला म्हणून सांगू. उठले. मेथी तशीच टाकली. शेजारी घराचं बांधकाम चाललंय, तिथून दोन पाट्या वाळू उचलून आणली, विचारलंसुद्धा नाही. चाळणीतून चाळली. गॅसवर नाही, मागची चूल पेटवली, मोठा तवा ठेवला अन् वाळू भाजायला घेतली. हातात तेच उलथणं. सून म्हणाली, "आत्याबाई, काय झालं तुमाला? वाळूची भाजी करता का?" तिच्या ओरडण्यानं पोरगी आली.

"आज्जी, हे काय?"

"तुझ्या पाइपाचं जेवण."

"म्हंजे?"

"रिकाम्या पोटी वाकवलास ना? पडला आडवा. ह्याला जेवू घाल, मग वाकव."

ती खाली बसली, माझ्या गुडघ्याला गुडघा लावून. "आज्जी, तुला हे कुणी सांगितलं?" मी म्हटलं, "तुझ्या पणज्यानं." "मग मघाशी कावून न्हाई सांगितलंस?" मी तव्यात वाळू उलटली. म्हटलं, "म्हाताऱ्या माणसाला उशिरा आठवतं." देव मला या एका वाक्यासाठी जाब विचारील.

पण तेवढ्यात तिचं ध्यान दुसरीकडं गेलं. तिनं माझा हात धरला अन् उलथण्याच्या दांड्याकडं बघायला लागली. "हे कुणी झाळलं?" मी म्हटलं, "मी." "तू?" "मंग काय भूत? अकरा वर्षांची होते." तिनं ते हातात घेतलं, उन्हात नेलं, नखानं गाठी मोजल्यासारखं केलं. तिला टोमण्याची गोष्ट सांगितली मी. चुलीतली आग, चष्मा, लग्नातली भांडी, सगळी. मग तिनं विचारलं, "पणजोबा आपली कामं कशी द्यायचे? घासून का अशीच?" म्हटलं, "घासून. कानशीनं घासून सपाट केल्याशिवाय एक नग दुकानाबाहेर जात नव्हता. धाकट्याचं तर दोनदा घासायचे." ती म्हणाली, "मग हे कावून घासलं न्हाई?"

आबा, मी इतकी वर्षं त्या उलथण्यावर भाकरी तोलली, हे मला सुचलं नव्हतं. ती म्हणते, "आज्जी, टाका लपवायचा असला की घासतात. दाखवायचा असला की तसाच ठेवतात. मी माझे घासते का?" वाळू करपायला लागली होती. वाळू करपत नाही हे मला ठाऊक आहे, पण मी तसं म्हणाले अन् उठले.

पुढचं काम माझं. माझं! तुमचा भट्टीचा, हातानं फिरवायचा पंखा कडब्याखाली निघाला. लेकानं तो फिरवला, गिरणी बंद ठेवून. पोरीनं पाइप उभा धरला, मी हातोडी घेतली. टकटक, टकटक. ती विचारते, "भरला?" मी म्हणते, "थांब." दोनदा वाटलं तिला. तिसऱ्यांदा मी म्हटलं, "भरला." बाभळीच्या गुट्या मी विळ्यानं तासल्या, वरच्या गुटीला भोक पाडलं. कोळशावर पाइप तापला. टोमॅटो झाला तवा ती उचलायला निघाली, मी अशी ओरडले की लेकानं पंखा सोडला. "संत्रं होऊ दे!" संत्रं झालं. ट्रकच्या रिमला लावून तिनं वाकवला, तारेच्या मापानं, आधी वर, मग परत तापवून बाजूला, मग परत तापवून खाली. मी नुसती "सावकाश, सावकाश" म्हणत होते. गार झाल्यावर गुट्या काढल्या, वाळू भळभळा सांडली. आतून बोट घालून बघितलं, गोल. कुठं सुरकुती नाही. काळा पडला होता, तो तिनं घासून चकचकीत केला. गाडीखाली धरला तर असा बसला, दांड्यावरून बोटभर अंतर राखून, जसा तिथंच उगवला होता. पोरीनं मला उचललं आबा. माझं वजन तुम्हाला ठाऊक नाही आता, पण उचललं. सून हसून हसून भिंतीला टेकली.

मग मी लहान झाले. म्हटलं, "शेवटचा सांधा मला मारू दे. एक टाका." तिचं हसू कमी झालं. मुखवटा हातात फिरवत म्हणाली, "आज्जी, ह्याच्यावर नको. हा सरांना दाखवायचाय. माझं टेबल ह्याच्यावर हाय." तुमचंच रक्त! तसंच तोंड, तसंच खाली बघणं. मला राग यायला पाहिजे होता. आला पण. पण तिनं चष्मा दुसऱ्या कुणाच्या डोळ्याला बांधला नाही. तिनं कोपऱ्यातून तो चेपलेला पाइप उचलून आणला, ऐरणीवर ठेवला, मुखवटा माझ्या डोक्यावर चढवला, पदर गळ्यापाशी घट्ट खोचला अन् टॉर्च हातात दिला. "ह्याच्यावर मार. पाहिजे तेवढे." माझ्याच गप्प बसण्यानं चेपलेला पाइप, अन् माझ्याच हातात टॉर्च. पहिले दोन नुसते गोळे झाले. तिसऱ्याला ती मागून म्हणाली, "आज्जी, श्वास सोड." चौथा बसला. सात टाके मारले. सातवा पोरीनं फोनमध्ये फोटो काढण्यासारखा होता, अन् तिनं काढला.

गाडी परत ट्रकवर गेली. सुरू केली होती आधी शेडात, सगळ्यांसमोर. आवाज कसा म्हणाल, तर मोठं माणूस घसा न खाकरता बोलतं तसा. दळणवाला म्हातारा म्हणाला, "ही तर लाजती बे!" चार दिवसांनी पुण्याहून फोन. मालकानं गाडीखाली वाकून त्या वाकणावरून हात फिरवला अन् विचारलं, हे कुठून करून आणलं. मी श्वास धरून बसले. पोरगी म्हणाली, "मी सांगितलं, घरून." घरून म्हणाली. आज्जीनं केलं म्हणाली नाही. टेबल तिचं झालं, मी देवापुढं साखर ठेवली, गल्लीत वाटली, अन् साखर वाटत वाटत जळत होते. दोन्ही एकाच पोटात बसतात आबा, कुणाला खोटं वाटंल.

आता तिथं तिचं नाव झालंय. अवघड वाकण असलं की तिच्याकडं येतं. अन् दर आठ-दहा दिवसांनी दुपारी तिचा फोन येतो. फोन पाइपाजवळ धरते, वरून खालपर्यंत हातोडी मारते, टकटक, टकटक. "आज्जी, भरला का?" मी हातातलं काम टाकून डोळे मिटून ऐकते. "अजून न्हाई. खालच्या अंगाला मार." मग परत टकटक. मी "भरला" म्हणते तवाच ती गुटी ठोकते. गॅरेजातली पोरं हसतात म्हणे, मोठ्या गाड्यांचं काम चौसाळ्याच्या म्हातारीच्या कानावर चाललंय. हसू द्या.

ही चिठ्ठी गुंडाळून मी त्या चेपलेल्या पाइपात सारणार आहे. मुखवटा पोरीनं नेला, पाइप माझ्याकडं ठेवला, उलथण्याशेजारी भिंतीला टांगलाय. चेपला आहे तिथं कागद अडकंल, पुढं जाणार नाही. उलथणं तुम्ही दाखवायला ठेवलं का डिवचायला, ते विचारायला मी हे लिहायला घेतलं होतं. पण तुमच्यापाशी जबाब आहे का नाही, मला ठाऊक नाही, अन् पोरीचा जबाब मला आवडलाय.

तेवढं एक सांगून ठेवते. पोरगी मला सारखी विचारते, आज्जी, भरला ते कळतं कसं? मी म्हणते, ते सांगून येत न्हाई बाई, कानाला कळतं, तू फोन लावत जा. आबा, ते सांगून येतं. तुम्ही मला एका दमात सांगितलं होतं, कारबेट फोडता फोडता. वर मार, खाली मार, दोन्हीकडं एकच आवाज आला अन् तो भिंतीवर मारल्यासारखा मुका आला, की भरला. तिला एका दिवसात जमंल. मी अजून सांगितलेलं नाही.